कोनशिला बसली, पुढे काय?



वस्तीत एखादे काम सुरू होताना आपण सगळ्यांनीच पाहिले आहे. पावती पुस्तके छापली जातात, मंडप पडतो, पाहुणे येतात, कोनशिला बसते, टाळ्या होतात. पण अशी सुरू झालेली किती कामे पूर्ण झालेली पाहिलीत? जरा बोटे मोजा. मी आज दुसऱ्या कोणावर टीका करायला बसलेली नाही. आमच्याच वस्तीची, आणि त्यातही माझ्याच चुकीची गोष्ट सांगते.

2016 साली, बाबासाहेबांच्या 125 व्या जयंतीच्या दिवशी आम्ही अभ्यासिकेची कोनशिला बसवली. दहा बाय बाराची खोली, त्यात सहा माणसे, टीव्ही चालू आणि त्यातच एकाची परीक्षा, हे आपल्याला नवीन नाही. मुले जिन्यातल्या दिव्याखाली बसत. म्हणून समाजमंदिराशेजारी मंडळाच्या मोकळ्या जागेवर अभ्यासिका बांधायचे ठरले. मी बी.कॉम., कचेरीत दिवसभर आकडेच लिहिते, म्हणून खजिनदार मला केले. वर्गणी चांगली जमली. धुणीभांडी करणाऱ्या बायांनीही महिन्याला पन्नास-पन्नास रुपये दिले. आम्ही उत्साहाने पाया खणला, भिंती उभ्या केल्या. स्लॅबच्या आधीच पैसे संपले. वरून पावसाळा आला. पुढची दोन वर्षे त्या चार भिंतींत गवत वाढत होते.

एके दिवशी नळावर शेजारची मुलगी भेटली. म्हणाली, "ताई, माझी दहावी तर झाली. आता निदान माझ्या भावाच्या वेळेला तरी होईल का हो?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. पैसे कोणी खाल्ले नव्हते. पै-पैचा हिशेब माझ्या वहीत होता. पण एकूण किती लागतील, हा कागदच वहीत नव्हता. झालेला खर्च लिहिणे म्हणजे हिशेब, आणि होणारा खर्च आधी लिहिणे म्हणजे नियोजन. पहिले मला येत होते, दुसरे मी केलेच नव्हते.

आपल्यातले पुष्कळजण कोकणातले. मे महिन्यात गावी जाताना ज्या रुळांवरून गाडी धावते, त्यांची हकिकत आठवा. कोकण रेल्वेचे महामंडळ 1990 साली स्थापन झाले. ई. श्रीधरन हे त्याचे पहिले अध्यक्ष. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत 741 किलोमीटर, वाटेत 90 हून अधिक बोगदे आणि लहानमोठे मिळून सुमारे 2000 पूल. पैसा केंद्र सरकारचा, महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक व केरळ या चार राज्यांचा, आणि बाकी रोखे काढून उभा केलेला. एवढे काम एका माणसाने कसे सांभाळायचे? त्यांनी मार्गाचे सात भाग पाडले आणि प्रत्येक भागाला एक मुख्य अभियंता नेमला. कुठे काही अडले तर कोणाला विचारायचे, हे ठरलेले होते.

तरीही पाच वर्षांत संपवायचे काम सात वर्षांवर गेले. गोव्यात मार्गावरून आंदोलन झाले. पेडण्याच्या बोगद्यात माती इतकी भुसभुशीत निघाली की खोदलेले पुन्हा ढासळत होते. पण त्यांनी एक शहाणपण केले. सगळे होईपर्यंत गाड्या अडवून ठेवल्या नाहीत. रोहा ते वीर हा तुकडा 1993 सालीच सुरू झाला, आणि जानेवारी 1998 मध्ये पूर्ण मार्ग जोडला गेला. जेवढे झाले तेवढे लोकांच्या उपयोगी पडत गेले.

2018 साली आम्ही पुन्हा बैठक घेतली. या वेळी पावती पुस्तक बाजूला ठेवले आणि आधी कोरा कागद घेतला. त्या वेळी जे शिकलो ते क्रमाने सांगते. अभ्यासिका असो, मुलीचे लग्न असो, की गावचे घर दुरुस्त करणे असो, नियम तेच.

पहिले, काम नेमके काय ते एका वाक्यात लिहा. आम्ही लिहिले, "तीस मुलांना बसता येईल अशी एक खोली, दिवे, पंखे आणि मुलींसाठी संडास." मग कोणी म्हणाले वाचनालय हवे, कोणी म्हणाले वर एक मजला चढवू. मागच्या वेळी आम्ही सगळ्यांना हो म्हणालो होतो, तिथेच बुडालो. या वेळी ती नावे "नंतर" अशा वेगळ्या यादीत टाकली.

दुसरे, अंदाजपत्रक. तीन ठिकाणांहून लेखी भाव आणा. सिमेंट, सळई, रेती, मजुरी, परवानगीची फी, वीज जोडणी, सगळे लिहा. बेरजेवर दहावा हिस्सा अडीअडचणीसाठी जास्त धरा. एवढे पैसे दिसत नसतील तर काम लहान करा. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे घरात आपल्याला कळते, मंडळात का कळत नाही?

तिसरे, कामांची यादी आणि त्यांचा क्रम. विजेच्या नळ्या स्लॅब ओतण्याआधी टाकायच्या असतात, नंतर सुचले तर छिन्नी-हातोडा आलाच. स्लॅबवर निदान सात ते दहा दिवस पाणी मारावे लागते, त्या दिवसांत घाई करून चालत नाही. पण त्याच दिवसांत सुतार दाराची चौकट करू शकतो. एकामागून एकच होणारी कामे कोणती आणि शेजारी-शेजारी चालणारी कोणती, हे ओळखले की वेळ वाचतो. हेन्री गँट नावाच्या अमेरिकन अभियंत्याने 1910 च्या दशकात यासाठी तक्त्याची पद्धत रूढ केली. डाव्या बाजूला कामे, वरच्या बाजूला आठवडे, आणि प्रत्येक कामापुढे तेवढ्या आठवड्यांची आडवी पट्टी. आम्ही तो तक्ता जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर काढला आणि समाजमंदिराच्या भिंतीवर लावला. पावसाळ्याचे चार महिने लाल पेन्सिलीने आधीच रंगवून ठेवले.

चौथे, एका कामाला एकच नाव. "आपण सगळे मिळून बघू" म्हणजे कोणीच बघत नाही. परवानगीचा अर्ज पहिल्या वेळी चार महिने पडून राहिला, कारण प्रत्येकाला वाटत होते दुसऱ्याने दिला. या वेळी त्या ओळीपुढे एका कार्यकर्त्याचे नाव आणि तारीख होती.

पाचवे, पैसा. मंडळाच्या नावे बँक खाते, दोन सह्यांशिवाय पैसे निघणार नाहीत. वर्गणीची पावती, खर्चाचे बिल. ठेकेदाराला सगळे पैसे आधी देऊ नका. पाया झाला की इतके, स्लॅब झाला की इतके, असे टप्पे कागदावर लिहून घ्या आणि शेवटचा हप्ता सगळे तपासल्यावर द्या. दर महिन्याचा हिशेब फळ्यावर लागला की कुजबूज थांबते आणि वर्गणी वाढते, हा माझा अनुभव आहे.

सहावे, दर रविवारी अर्धा तास बैठक. तीनच प्रश्न: काय झाले, काय अडले, पुढच्या रविवारपर्यंत कोण काय करणार. भाषण नाही. अडचण लपवणाऱ्यापेक्षा आधी सांगणाऱ्याचे कौतुक करा, नाहीतर सगळे "चालू आहे, चालू आहे" म्हणत राहतात.

सातवे, आणि हेच बहुतेक ठिकाणी राहून जाते, ते म्हणजे शेवट. रंग लागला म्हणजे काम संपले नाही. नळ गळतो का, पंखा फिरतो का, हे यादी घेऊन तपासा. जमाखर्च सर्वांपुढे वाचा. किल्ली कोणाकडे, वीजबिल कोण भरणार, झाडलोट कोण करणार, हे उद्घाटनाच्या आधी ठरवा. नाहीतर वर्षभरात त्याच खोलीत मंडपाचे बांबू आणि खुर्च्या भरल्या जातात.

जून 2019 मध्ये आमची अभ्यासिका उघडली. पहिल्या दिवशी एकच खोली होती, बाहेरून गिलावाही नव्हता. पण दिवे होते, संडास होता, आणि सत्तावीस मुले होती. त्यांत त्या मुलीचा भाऊही होता. ती स्वतः एका दुकानात कामाला लागली होती. रविवारी किल्ली घेऊन तीच दार उघडायची. तिने मला कधी बोल लावला नाही. पण तिची दहावी काही परत आली नाही, ती रक्कम माझ्या वहीत अजून येणेच दिसते.

म्हणून विनंती एवढीच की, तुमच्या वस्तीत पुढची कोनशिला बसेल तेव्हा हार आणण्याआधी विचारा, "अंदाजपत्रक कुठे आहे? तक्ता कुठे आहे?" विचारल्याने कोणाचा अपमान होत नाही. पन्नास रुपये देणाऱ्या बाईचा तो हक्क आहे.