ललिताबाईंचा डावा डोळा

ललिता पवार हे नाव निघाले की पाठोपाठ थपडेची आख्यायिका येते. १९४२ साली एका चित्रीकरणात भगवान पालव यांनी, म्हणजे पुढच्या भगवानदादांनी, मारलेली थप्पड जोराने बसली, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, तीन वर्षे उपचार चालले आणि डावा डोळा कायमचा बारीक झाला. नायिका संपली आणि हिंदी चित्रपटाला त्याची खाष्ट सासू मिळाली. सांगणारा शेवटी हमखास ‘इष्टापत्ती’ हा शब्द योजतो. आम्हांला या आख्यायिकेचा कंटाळा आला आहे आणि त्या शब्दाची चीडही.

अपघात झाला हे नाकारण्याचे कारण नाही. डोळा पडद्यावर दिसतोच. पण ‘प्रभात’चा ‘रामशास्त्री’ १९४४ चा आहे आणि त्यातली आनंदीबाई ललिताबाईंची आहे. तीन वर्षांचा अज्ञातवास आणि मग खलनायिकेच्या रूपात पुनर्जन्म, हे कथानक या एका सनावळीपुढेच डळमळते. त्याआधीचेही पाहावे. मूकपटांच्या काळात बालवयात पडद्यावर आलेल्या या येवल्याच्या मुलीने १९३५ च्या ‘हिम्मत-ए-मर्दां’त साहसी नायिका रंगवली होती. १९३७ साली ‘दुनिया क्या है’ची निर्मिती त्यांचीच, त्याला आधार टॉलस्टॉयच्या ‘रिझरेक्शन’ या कादंबरीचा. वय अवघे एकवीस. टॉलस्टॉयवर चित्रपट काढू पाहणारी ही तरुणी आख्यायिकेत कुठेच नसते. तिथे असते केवळ थप्पड खाणारी नटी.

‘इष्टापत्ती’ या शब्दातला खरा अन्याय इथे आहे. कामाच्या ठिकाणी झालेल्या इजेचे आपण आभार मानतो आणि पुढल्या पाच दशकांच्या मेहनतीचे श्रेय एका दुखावलेल्या शिरेला देऊन मोकळे होतो. त्यामागे एक जुना संकेतही दडलेला आहे: व्यंग म्हणजे दुष्टपणा. आपल्याकडे कुबड पाहिले की मंथरा आठवते. ललिताबाईंनी मंथरा दोनदा केली, १९६१ च्या ‘संपूर्ण रामायण’मध्ये आणि पुन्हा १९८७ साली सुरू झालेल्या दूरदर्शनच्या ‘रामायण’ मालिकेत. तेव्हा डोळ्याचा सिद्धांत पक्का झाला असे वाटणे स्वाभाविक आहे.

मात्र मग ‘अनाडी’चे (१९५९) काय करायचे? त्यातली मिसेस डिसा ही बेकार राज कपूरला आपल्या घरात आसरा देणारी ख्रिस्ती बाई. डोळा तोच, चेहरा तोच, आवाजातली करकर तीच. तिचे बोलणे सारे खेकसण्याचे आणि करणे सारे आईचे. दुसऱ्या एखाद्या नटीने या भूमिकेत खेकसणे वरवरचे ठेवून माया आधीच दाखवून टाकली असती. ललिताबाई तसे करत नाहीत. त्या मनापासून चिडतात, म्हणून त्यांची माया खरी वाटते. पुढे ज्याने त्या मरतात ते औषध राजच्याच मालकाच्या कंपनीचे असते. तो आघात प्रेक्षकाला लागतो, कारण तोवर ही बाई भाबडी म्हणून नव्हे, खमकी म्हणून आपल्या ओळखीची झालेली असते. ‘फिल्मफेअर’ने या भूमिकेला साहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार दिला. ‘श्री ४२०’मधली (१९५५) केळेवाली गंगामाईही याच घराण्यातली. डोळाच सारे करीत असता, तर या दोघी सासवाच झाल्या असत्या.

हे दुखणे चित्रपटापुरते नाही, हे आम्ही वर्गात रोज अनुभवतो. बालकवी शिकवताना भादलीच्या रेल्वेरुळांचा उल्लेख झाला की मुले लिहून घेऊ लागतात. कवितेतल्या वर्णयोजनेवर बोलू लागलो की पेने थांबतात. दोष त्यांचा नाही. मृत्यूची कथा आम्हीच अधिक रंगवून सांगतो. चरित्रातला अपघात सांगायला सोपा, अभिनय किंवा कविता पाहायला कष्टाची.

तेव्हा आमची सूचना एवढीच, की पुढल्या वेळी ललिताबाईंवर बोलायचे झाले तर आरंभ ‘मेम दीदी’पासून करावा. ‘अनाडी’नंतर दोनच वर्षांनी हृषिकेश मुखर्जींनी हा चित्रपट काढला. डेव्हिड आणि जयंत हे वस्तीतले दोन दांडगोबा आणि त्यांना वठणीवर आणणारी ललिताबाईंची मेम दीदी. मुख्य भूमिकांत तिघेही चरित्र-अभिनेते, आणि चित्रपटाचे शीर्षकच ललिताबाईंच्या पात्राचे. हिंदीत असे क्वचित घडले आहे. तीन वर्षांच्या उपचारांची कथा ज्यांना तोंडपाठ आहे, त्यांतल्या फार थोड्यांनी हा चित्रपट पाहिलेला असतो.