इस्त्रीची मजुरी कुणाच्या खिशात?

‘एका गोधडीच्या शिलाईचे इतके रुपये’ असे सांगितले की दर ठरला, असे आपण समजतो. मशीनचा आवाज ऐकू येतो, म्हणून ते काम. मशीन थांबवून बाई उठते, एकेक शिवण इस्त्रीने दाबते आणि पुन्हा येऊन बसते, ते मात्र काम नाही! घरी बसून शिवणाऱ्या बायकांची लूट इथूनच सुरू होते, आणि आपल्या डोळ्यांदेखत होते.

जुन्या लुगड्यांचे थर अंथरून धावदोऱ्याने घातलेल्या गोधडीला इस्त्री लागत नव्हती. शहरातल्या दुकानांना हवी असते ती तुकडे जोडलेली, चौकटीला चौकट भिडणारी गोधडी. तिचे गणित वेगळे. शिवण पाव इंचाची. ती सपाट दाबली नाही, तर घडीत अर्धा सूत कापड सहज अडकून राहते. एका ओळीत १२ तुकडे म्हणजे ११ शिवणी. ओळ जवळजवळ पाऊण इंचाने आखूड भरते. एका ओळीच्या शिवणी उजवीकडे, पुढच्या ओळीच्या डावीकडे दाबल्या, तरच कोपरे नीट जुळतात. इस्त्री घासायची नाही, टेकवून उचलायची. घासली तर तिरके कापड ताणते. हे कौशल्य आहे, आणि ते जमले नाही तर माल परत येतो, मजुरी कापली जाते. म्हणजे इस्त्री नाही केली तर दंड, आणि केली तर दमडी नाही. हा कुठला न्याय?

आमच्या वस्तीत माल वाटणाऱ्या एका ठेकेदाराला मी हा प्रश्न विचारला. बायका घरी इस्त्री करतातच की, त्याचे वेगळे पैसे कसले, असे त्याचे उत्तर. या उत्तरात सगळी पुरुषप्रधान व्यवस्था सामावली आहे. कारखान्यात इस्त्रीचे टेबल वेगळे असते. तिथे बहुधा पुरुष उभा असतो. त्याच्या कामाला नाव असते आणि दरही. तेच काम बाईच्या खोलीत शिरले की घरकामात जमा होते.

शिवाय वीज कुणाची? १००० वॅटची इस्त्री तासभर सलग तापली तर एक युनिट जळते. मध्ये मध्ये ती आपोआप बंद होते म्हणून थोडे कमी धरा, पण बिल बाईच्याच नावावर. शेजाऱ्याकडून जोडणी घेतली असेल तर बोलणी वेगळीच.

जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने १९९६ साली घरी बसून मालकाचे काम करणाऱ्यांसाठी करार क्र. १७७ आणि शिफारस क्र. १८४ मंजूर केली. वीज, पाणी, यंत्राची देखभाल यांचा खर्च कामगाराला भरून द्यावा, मालाची निवड आणि बांधाबांध अशा कामांना लागणाऱ्या वेळेचाही मोबदला द्यावा, असे त्या शिफारशीत म्हटले आहे. भारताने या कराराला अजून मान्यता दिलेली नाही. त्यासाठी लढायचे आहेच.

पण मैत्रिणींनो, सरकारकडे बोट दाखवण्याआधी संस्थांच्या उत्पादन केंद्रांकडे पाहू या. प्रदर्शनात ‘स्वावलंबन’ असा फलक लावून गोधड्या विकणारी किती केंद्रे इस्त्रीचे पैसे देतात? दर वाढवला तर माल खपणार नाही, असे सांगितले जाते. कापडाचा भाव वाढला की हीच केंद्रे किंमत वाढवतात ना? दोऱ्याचे पैसे उधार ठेवता येत नाहीत, मग बाईचा वेळच तेवढा फुकट कसा? बाईला फुकट राबवून टिकणाऱ्या केंद्राला स्वावलंबन म्हणू नये.

म्हणून प्रत्येक गटाने येत्या बैठकीत एक गोधडी घ्यावी आणि घड्याळ लावावे. कापणी, शिलाई, इस्त्री, धागे तोडणे, सगळ्यांची मिनिटे वेगळी लिहावीत. त्यावर किमान वेतनाच्या हिशेबाने मजुरी आकारावी, विजेचे पैसे वेगळे जोडावेत. तो कागद आधी आपल्या केंद्राच्या भिंतीवर लावावा, मग ठेकेदाराच्या दारात न्यावा. एकट्या बाईला तो माल द्यायचे बंद करील. सगळी वस्ती एकच दर सांगू लागली, तर त्याला माल शिवून घ्यायचा कुणाकडून?