भाड्याचे घर आणि आडनावाचा प्रश्न

जून महिना उजाडला की पुण्याच्या रस्त्यांवर सामानाचे टेम्पो दिसू लागतात. गाद्यांच्या वळकट्या, फ्रीज, उलट्या ठेवलेल्या खुर्च्या आणि चालकाशेजारी देवघर मांडीवर सांभाळत बसलेली एखादी गृहिणी. लातूर, जळगाव, सांगली, अमरावती येथून नोकरीसाठी आलेली ही तरुण कुटुंबे अकरा महिन्यांचा करार संपला म्हणून एका उपनगरातून दुसऱ्या उपनगरात निघालेली असतात. आता कोणत्या भागात घर पाहावे, हा प्रश्न त्यांना वर्ष-दोन वर्षांनी पडतोच. तो वाटतो तितका खासगी नाही. आपल्या नगरांचे समाजजीवन उद्या कसे असेल, हे अशाच असंख्य लहान निर्णयांतून आज ठरत आहे.

पहिला हिशेब अर्थातच अंतराचा. पती हिंजवडीला आणि पत्नी खराडीला नोकरी करीत असेल, तर रोज शहराची दोन टोके गाठावी लागतात. वनाज ते रामवाडी हा मेट्रोमार्ग २०२४ साली पूर्ण झाला आणि त्याच वर्षी पिंपरी-चिंचवडकडून येणारा मार्ग स्वारगेटपर्यंत पोहोचला. त्यामुळे जुन्या पुण्यात किंवा कोथरूडला राहण्याचा विचार अनेकांना पुन्हा सुचू लागला आहे. दुसरा हिशेब पाण्याचा. दलाल पोहण्याचा तलाव आणि व्यायामशाळा उत्साहाने दाखवतो, पण एप्रिल-मे महिन्यांत पिण्याचे पाणी टँकरने येते की नळाने, हे आपण होऊन सांगत नाही. ते कोपऱ्यावरच्या वाण्याला विचारावे. घर रविवारी सकाळी न पाहता कामाच्या दिवशी रात्री आठ वाजता पाहावे. गावाकडून आई-वडील येणार असतील, तर त्यांना रिक्षा न करता पायी जाता येईल असे एखादे देऊळ, एखादी बाग आणि एखादा डॉक्टर जवळपास आहे का, हेही पाहावे. हे व्यवहारज्ञान सर्वांना असते किंवा लवकरच येते.

मात्र या सर्व हिशेबांत शेजार कुठेच नसतो. जागतिकीकरणाने आपल्याला घराकडे सुविधांची बेरीज म्हणून पाहायला शिकविले, आणि शेजार ही काही विकत मिळणारी सुविधा नव्हे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा नदीकाठच्या पेठांतील हजारो कुटुंबे एका दिवसात उघड्यावर आली. त्यांच्यासाठी पुढे नव्या वसाहती उभ्या राहिल्या. परंतु त्या पहिल्या रात्री त्यांना आसरा दिला तो माणसांनी. गिरगावातील केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव होत आला, तो तिथल्या खोल्या प्रशस्त होत्या म्हणून नव्हे. मुंबई परवडेना म्हणून डोंबिवलीला गेलेल्या मराठी माणसाने तिथे काय केले? गेल्या शतकाच्या अखेरीस गुढीपाडव्याची स्वागतयात्रा सुरू केली आणि ती पाहून गावोगावी तशा यात्रा निघू लागल्या. नोकरदारांचे झोपण्याचे गाव म्हणून ज्याची थट्टा होत असे, त्या नगराने हे केले. म्हणून नव्या भागात घर पाहताना तिथे संध्याकाळी मुले एकत्र खेळतात का, वाचनालय, भजनी मंडळ, शाखा यांपैकी काही चालते का, गणेशोत्सवात भाडेकरूच्या हाती आरतीचे तबक येते की केवळ वर्गणीची पावती येते, हेही विचारायला हवे.

पण हा सल्ला भाडेकरूंना देऊन थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. भाडेकरू वस्ती निवडतो, तशी वस्तीही भाडेकरू निवडते. तिची निवडण्याची रीत आपल्या सर्वांना ठाऊक आहे. दूरध्वनीवर भाडे ठरते, अनामत ठरते, आणि मग प्रश्न येतो, “आडनाव काय म्हणालात?” आडनावावरून अंदाज लागला नाही, तर मूळ गाव विचारले जाते. तरीही उलगडा झाला नाही, तर अधिक धीट मालक सरळ विचारतो, “म्हणजे तुम्ही कोण?” उत्तर मिळाल्यावर जागा पुतण्यासाठी ठेवायची असल्याचे त्याला एकाएकी आठवते. अशा पुतण्यांची संख्या पुण्यात फार मोठी असावी!

ही गोष्ट नवी नाही. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत उच्च शिक्षण घेऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली बडोद्याला संस्थानच्या सेवेत रुजू झाले, तेव्हा त्यांना राहण्यास जागा मिळेना. नाव बदलून ते एका पारशी विश्रामगृहात राहिले. ते उघड होताच लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती, अशा दोन मित्रांकडे त्यांनी आसरा मागितला. दोघांनीही तो दिला नाही. शहरातील बागेत बसून त्यांनी अश्रू ढाळले आणि त्या नगराचा निरोप घेतला. हा प्रसंग आपण व्याख्यानांतून सांगतो, ऐकणाऱ्यांचे डोळेही पाणावतात. पण तेच श्रोते घरी परतल्यावर आपली रिकामी सदनिका कोणाला देतात, हा खरा प्रश्न आहे.

स्वातंत्र्यवीर सावरकरांनी रत्नागिरीत सहभोजने घडविली, १९३१ साली तिथे पतितपावन मंदिर उभे राहिले. बाळासाहेब देवरसांनी १९७४ साली पुण्याच्याच वसंत व्याख्यानमालेत अस्पृश्यतेचा निःसंदिग्ध धिक्कार केला आणि सामाजिक समतेशिवाय हिंदुसंघटन पुरे होणार नाही, हे स्पष्ट केले. मंदिराचा प्रश्न मोठ्या प्रमाणात सुटला, पंगतीचाही सुटला. तिसऱ्या मजल्यावरील दोन खोल्यांचा मात्र अजून सुटलेला नाही. पुरोगामी मंडळी या विषयावर परिसंवाद भरवितात आणि स्वतःचे घर भाड्याने देताना दलालाला तेच प्रश्न विचारायला सांगतात, हे खरे. परंतु त्यांच्या दांभिकतेमुळे आपला दोष कणभरही उणा होत नाही. कारण ‘हिंदू सारा एक’ असे म्हणणारे आपण आहोत.

आडनाव विचारणे अवघड वाटते, त्यांनी अलीकडे आहाराचा आडपडदा शोधला आहे. आपल्याच घरातील एक खोली देणाऱ्या वृद्ध दाम्पत्याने स्वयंपाकघराविषयी काही अपेक्षा सांगितल्या, तर ते समजू शकते. पण स्वतः चार कोस दूर राहणाऱ्या मालकाने रिकाम्या सदनिकेत कोणती भाजी शिजावी याचा आग्रह कशासाठी धरावा? मासळी खाणारा मालवणी आणि तांबडा रस्सा खाणारा कोल्हापूरकर हे कोणापेक्षा कमी हिंदू आहेत? २०२३ साली मुंबईत मुलुंड येथे एका मराठी स्त्रीला मराठी म्हणून जागा नाकारल्याचे प्रकरण गाजले, तेव्हा महाराष्ट्रभर संताप उसळला आणि तो योग्यच होता. नांदेडच्या किंवा धाराशिवच्या मराठी तरुणाला पुण्यातील मराठी माणूस आडनाव ऐकून परत पाठवतो, तेव्हा तो संताप कुठे जातो?

कायदा येथे फारशी मदत करणार नाही. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाने करार लेखी करण्याची आणि त्याची नोंदणी करण्याची सक्ती केली, नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकली. त्यामुळे भाडेकरूला घरात शिरल्यानंतरचे संरक्षण मिळाले. दारातून परत पाठविलेल्याला त्याचा काही उपयोग नाही. पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात तर सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सभासदत्व एका समाजापुरते मर्यादित ठेवणारी उपविधी वैध ठरविली. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देणे आवश्यक आहे आणि सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यही आहे. पण त्या अर्जात जे विचारलेले नाही ते जिन्यात उभे राहून विचारण्याचा अधिकार कोणी दिला?

तेव्हा हे काम आपल्याला गृहनिर्माण संस्थेच्या पातळीवरच करावे लागेल. आपले कितीतरी कार्यकर्ते अशा संस्थांचे अध्यक्ष, सचिव, खजिनदार आहेत. सदनिका भाड्याने दिली म्हणून मालकाकडून सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक बिनवहिवाट शुल्क घेता येत नाही, हा २००१ चा शासननिर्णय त्यांना तोंडपाठ असतो. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यावी लागते, हेही ठाऊक असते. यंदाच्या विषयपत्रिकेवर आणखी एक विषय घ्यावा: संस्थेच्या आवारात भाडेकरूची जात विचारली जाणार नाही, आणि दलालांनाही तशी लेखी सूचना दिली जाईल. ठरावाला सूचक व अनुमोदक लागतात. सूचक आपल्यापैकी कोणी असावा, आणि शक्य झाल्यास त्याची स्वतःची एखादी सदनिका त्या वेळी रिकामी असावी.