पाटी दिसली की गाडी वळवा

सहलीला निघालेल्या कुटुंबाचं वेळापत्रक साधारण ठरलेलं असतं. सकाळी देवदर्शन, दुपारी जेवण, संध्याकाळी समुद्र किंवा सनसेट पॉइंट. मधे कुठेतरी रस्त्याच्या कडेला एक पाटी दिसते, ‘अमुक यांचे जन्मस्थळ, ३ कि.मी.’ मागच्या सीटवरून आजी म्हणतात, “अरे, हे इथलेच का?” पुढून उत्तर येतं, “हो, पण आता उशीर होईल.” आणि गाडी सरळ निघून जाते.

या महिन्याचा कॉलम त्या पाटीबद्दल आहे. छोट्या गावांतली ही व्यक्ती-संग्रहालयं साधी असतात. दोन-तीन खोल्या, काही फोटो, काचेच्या कपाटात एखादा चष्मा किंवा पेन आणि दाराशी बसलेला एक माणूस. मोठ्या शहरातल्या संग्रहालयासारखा थाट तिथे नसतो. पण एक गोष्ट तिथेच कळते, की मोठं झालेलं माणूस आधी कुठल्या तरी गल्लीत आणि कुठल्या तरी स्वयंपाकघराच्या शेजारी वाढलेलं असतं. मुलांना हे पुस्तकातून सांगून पटत नाही. घर पाहिलं की पटतं.

पेन नसलेल्या कवयित्रीचं घर

जळगावच्या जुन्या भागात चौधरी वाडा आहे. कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचं हे सासरचं घर. जवळच्या आसोदे गावात १८८० मध्ये त्यांचा जन्म झाला आणि लहान वयातच लग्न होऊन त्या इथे आल्या. आता इथे त्यांच्या आठवणींचं संग्रहालय आहे.

एरवी लेखकाच्या घरात टेबल, खुर्ची, दौत, हस्तलिखितं दिसतात. इथे तसं काही शोधू नका. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरकाम आणि शेतीकाम करता करता त्या ओव्या रचायच्या आणि जवळची माणसं त्या टिपून ठेवायची. त्यांचे चिरंजीव कवी सोपानदेव चौधरी यांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ हा संग्रह आला. तो पाहायला बहिणाबाई नव्हत्या. ३ डिसेंबर १९५१ रोजी त्यांचं निधन झालं होतं.

म्हणूनच इथे पाहायचं ते घरातलं आणि शेतातलं रोजच्या वापराचं सामान. कुटुंबानं ते भंगारात न काढता जपलं, म्हणून आज ते आपल्यासमोर आहे. दळणकांडण हेच ज्यांचं लिहायचं टेबल होतं, त्यांच्या कविता अशा घरात उभं राहून आठवा, वेगळ्याच ऐकू येतात. आणि मुलांना एवढं जरूर सांगा, की ज्या बाईला सही करता येत नव्हती तिचं नाव आज उत्तर महाराष्ट्रातल्या विद्यापीठाला आहे.

एका गावात दोन कलाम

रामेश्वरमला जाणारे बहुतेक जण डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचं स्मारक पाहतात. गावाबाहेर पेई करुंबू इथे त्यांची समाधी आहे. डीआरडीओनं बांधलेल्या या भव्य वास्तूचं उद्घाटन २७ जुलै २०१७ रोजी, त्यांच्या दुसऱ्या स्मृतिदिनी झालं. क्षेपणास्त्रांच्या प्रतिकृती, चित्रं, फोटो असं सगळं तिथे आहे. मुलं तिथे रमतात.

पण वेळ काढून मशिदीजवळच्या गल्लीतल्या त्यांच्या घरीही जा. गल्ली अरुंद आहे. वरच्या मजल्यावर संग्रहालय आणि त्याच इमारतीत शंख-शिंपल्यांचं दुकान. भारतरत्न मिळालेल्या माणसाचं घर शोधत आपण येतो आणि भोवती बाजार चालू असतो, शेजारी कुणीतरी भाजी निवडत बसलेलं असतं.

इथे मुलांना पेपरांची गोष्ट सांगा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रामेश्वरम स्टेशनवर गाडी थांबणं बंद झालं. वर्तमानपत्रांचे गठ्ठे धावत्या गाडीतून बाहेर टाकले जायचे. पेपर वाटणाऱ्या आपल्या नात्यातल्या भावाला मदत म्हणून छोटा कलाम ते गठ्ठे गोळा करायचा. ही त्याची पहिली कमाई. त्यांनी आत्मचरित्रात हे स्वतः सांगितलं आहे. स्मारकात क्षेपणास्त्र दिसतं आणि गल्लीत तो पेपर गोळा करणारा मुलगा. दोन्ही पाहिल्याशिवाय कलाम पूर्ण होत नाहीत.

पोरबंदरचं मागचं घर

गुजरातमध्ये पोरबंदरला गांधीजींचं जन्मघर आहे आणि त्याला लागूनच कीर्ती मंदिर. १९५० मध्ये सरदार पटेलांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. निधनाच्या वेळी गांधीजींना ७९ वं वर्ष चालू होतं म्हणून शिखराची उंची ७९ फूट ठेवली आहे. जन्म झाला त्या जागी जमिनीवर स्वस्तिक काढलेलं आहे. लोक तिथे नमस्कार करतात, फोटो काढतात आणि परत फिरतात.

तुम्ही लगेच परत फिरू नका. कीर्ती मंदिराच्या मागेच, चार पावलांवर, कस्तुरबांचं माहेर आहे. त्यांचे वडील व्यापारी होते आणि घरही तसं ऐसपैस आहे. दोघांचा जन्म एकाच वर्षीचा, १८६९ चा. त्यात कस्तुरबा काही महिन्यांनी मोठ्या. पुढच्या घराचं मंदिर झालं आणि मागचं घर शांत पडून असतं.

अशा ठिकाणी गेल्यावर एक प्रश्न आवर्जून विचारायला हवा. या घरात आणखी कोण राहत होतं? आई कुठे बसायची, बायको कुठे असायची, स्वयंपाकघर दाखवलंय की कुलूपबंद आहे? बऱ्याच संग्रहालयांत कर्त्या पुरुषाची काठी आणि जोडे जपलेले असतात, घर चालवणारीचं मात्र नावही कुठे लिहिलेलं नसतं. आपण विचारत राहिलो तर निदान एखादी पाटी तरी वाढेल.

पदकं गेली, घर राहिलं

कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातलं कुप्पळ्ळी हे मलनाडच्या दाट हिरवाईतलं खेडं. कन्नडचे राष्ट्रकवी कुवेंपु यांचं बालपण इथे गेलं. कन्नडला पहिला ज्ञानपीठ पुरस्कार त्यांच्यामुळे मिळाला. त्यांचं चौकाचं, लाकडी खांबांचं जुनं घर आता संग्रहालय आहे. रोजच्या वापराच्या वस्तू आणि कवीच्या आठवणी असं सगळं तिथे नीट मांडलेलं आहे.

२०१५ मध्ये इथे चोरी झाली आणि कुवेंपुंची पद्म पुरस्काराची पदकं गेली. बातमी वाचून कुणालाही वाईट वाटेल. पण तरीही लोक कुप्पळ्ळीला येत राहिले. कारण पदक पाहायला इतक्या लांब कुणी येत नाही. ज्या चौकात तो मुलगा पाऊस बघत बसला असेल तो चौक पाहायला लोक येतात, आणि तो चोरून नेता येत नाही.

घराजवळच्या टेकडीला कविशैल म्हणतात. कुवेंपु तिथे तासन् तास बसायचे आणि त्यांची समाधीही तिथेच आहे. एका खडकावर त्यांची आणि त्यांच्या गुरुजनांची नावं कोरलेली दिसतात. ती बघून कुणाच्या खिशातली किल्ली वळवळत असेल तर तिला खिशातच राहू द्या. आपलं नाव अभिप्राय वहीत लिहावं.

आरटीओचं ऑफिस झालेलं घर

प्रत्येक घराचं नशीब इतकं चांगलं नसतं. कोडगूतल्या मडिकेरी गावात ‘सनी साइड’ नावाचा बंगला आहे. जनरल के. एस. थिमय्या यांच्या कुटुंबाचा. १९५७ ते १९६१ ते भारताचे लष्करप्रमुख होते. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचं नेतृत्व करताना १९६५ मध्ये सायप्रसमध्ये त्यांचं निधन झालं. सायप्रसनं त्यांच्या नावाचं टपाल तिकीट काढलं.

आणि इकडे त्यांच्या घरात काय होतं? बरीच वर्षं तिथे आरटीओचं ऑफिस चाललं. लायसन्ससाठी रांगेत उभ्या असलेल्या कितीजणांना ते घर कुणाचं हे माहीत असेल, कोण जाणे. शेवटी त्याचं संग्रहालय करायचं ठरलं, दुरुस्ती झाली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते उद्घाटन झालं. आता कूर्गला गेलेली कुटुंबं कॉफीच्या मळ्यांसोबत हेही पाहतात.

कोकणात मालगुंडलाही असंच घडलं. आधुनिक मराठी कवितेचे जनक केशवसुत यांचं हे जन्मगाव. कोकण मराठी साहित्य परिषदेनं पुढाकार घेतला म्हणून त्यांचं घर आणि शेजारचं स्मारक आज उभं आहे. जागा गणपतीपुळ्यापासून अगदी जवळ. पुळ्याला दर्शन घेऊन मालगुंड न पाहता परतणारी गाडी ही आपल्यापैकी बहुतेकांचीच.

जाताना एवढं लक्षात ठेवा

• आधी वेळ विचारा. अशी बरीच ठिकाणं आठवड्यातून एक दिवस बंद असतात, बहुतेकदा सोमवारी. काही ठिकाणी दुपारच्या जेवणाची सुट्टीही असते. नकाशात ‘खुले आहे’ दिसलं तरी फोन करून खात्री करा.

• एक तास पुरतो, पण तो तास मोकळा ठेवा. बाहेर गाडी चालू ठेवून आत डोकावण्यात काही अर्थ नाही.

• आदल्या रात्री मुलांना त्या व्यक्तीची एकच गोष्ट सांगा, अख्खं चरित्र नको. कलामांचे पेपर किंवा बहिणाबाईंचं जातं, एवढं पुरेसं आहे. मग मुलं आत शिरून ती वस्तू स्वतःच शोधतात.

• दाराशी बसलेल्या माणसाशी बोला. काचेखालच्या चिठ्ठीवर नसलेली माहिती त्याच्याकडे असते. “काका, लोक इथे काय विचारतात?” एवढं विचारलंत तरी गप्पा सुरू होतात. भाषा येत नसेल तर मोडकीतोडकी हिंदी चालते.

• आजी-आजोबांना सोबत न्या. पितळी भांडं, फिरकीचा तांब्या, पाटा-वरवंटा हे त्यांनी वापरलेलं असतं. इथे गाइडचं काम तेच करतात, आणि नातवंडं ऐकतातही.

• अभिप्राय वहीत दोन ओळी लिहा, तिथली छोटी पुस्तिका विकत घ्या, दानपेटी असेल तर काही टाका. तिकीट नसलेल्या किंवा नाममात्र तिकिटाच्या या जागांना एवढाच आधार असतो. वहीतली पानं भरलेली दिसली की दुरुस्तीसाठी पैसे मागायला व्यवस्थापकांना तोंड असतं.

तुमच्या गावात कोण आहे?

हे वाचणारे तुम्ही इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद, कुठेही असाल. तुमच्या गावातही एखादं घर असणार, ज्याकडे बोट दाखवून कुणीतरी म्हणत असेल, “इथे ते राहायचे.” तिथे कदाचित संग्रहालय नसेल. कदाचित गोदाम असेल, किंवा बिल्डरचा बोर्ड लागायच्या बेतात असेल.

जी घरं जपली गेली ती बहुतेक पक्क्या भिंतींची आणि मागे कुणीतरी असलेली. भाड्याच्या खोलीत राहिलेली शिक्षिका, वस्तीत वाढलेला शाहीर, गावोगाव फिरलेली नाटकातली नटी यांची घरं फारशी उरलेली नाहीत. त्यांच्यासाठी इमारत उभी करणं आपल्या हातात नसेल. पण घरातल्या मोठ्यांना विचारणं, फोनवर त्यांचा आवाज रेकॉर्ड करणं, त्या घराचा एक फोटो काढून ठेवणं आपल्या हातात आहे. बहिणाबाईंच्या ओव्याही कुणीतरी वेळेवर टिपून घेतल्या म्हणूनच आपल्यापर्यंत आल्या.

तेव्हा येत्या सुट्टीत पाटी दिसली की गाडी वळवा. तीन किलोमीटर जायला आणि तीन यायला. सनसेट दुसऱ्या दिवशीही होतो.