शिडी की झाड?

यंदाच्या गणेशोत्सवात पाहुण्या वक्त्यांनी पडद्यावर दोन चित्रं शेजारीशेजारी दाखवली. एकात मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह असे अवतार. दुसऱ्यात वाकलेल्या वानरापासून ताठ चालणाऱ्या माणसापर्यंतची ती प्रसिद्ध रांग. डार्विनचं सगळं आपल्याकडे आधीच होतं, असं ते म्हणाले आणि टाळ्या पडल्या. वाजवणाऱ्यांत डॉक्टर होते, इंजिनियर होते, पीएचडीवालेही होते. मी गप्प बसले. त्याची रुखरुख वाटते, म्हणून हे टिपण.

अवतारांबद्दल माझी तक्रार नाही. ती ज्याच्या त्याच्या श्रद्धेची बाब. तक्रार आहे दुसऱ्या चित्राबद्दल. ती रांग रूडॉल्फ झालिंगर या चित्रकाराने १९६५ साली एका पुस्तकासाठी काढली. उत्क्रांती अशी रांगेत घडत नाही. डार्विनच्या १८५९ सालच्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'मध्ये आकृती एकच आहे, आणि ती फांद्या फुटत जाणाऱ्या झाडासारखी आहे.

ज्याला कुलवृत्तांतातली वंशावळ वाचता येते, त्याला हे झाडही वाचता येईल. टोकाला आजचे जीव. दोन फांद्या जिथे फुटतात तिथे त्यांचा समाईक पूर्वज. कुणाची टोकं शेजारी छापली आहेत, यावर नातं ठरत नाही. मागे जाताना समाईक पूर्वज किती लवकर भेटतो, यावर ठरतं. फाट्यापाशी डावी-उजवी फांदी बदलली तरी अर्थ तोच राहतो. धाकट्या काकांची शाखा आधी लिहिली म्हणून ते काही आपले पणजोबा होत नाहीत!

असं वाचलं की गमती दिसतात. मगर दिसते सरड्यासारखी, पण तिचं जवळचं नातं पक्ष्यांशी. मश्रूम मिळतं भाजीच्या दुकानात, पण ते वनस्पतींपेक्षा प्राण्यांना जवळचं. आणि चिंपांझीला गोरिलापेक्षा आपण जवळचे. आपली आणि त्याची वाट साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी वेगळी झाली. तेव्हापासून तोही बदलतोच आहे. तो आपला पूर्वज नव्हे, चुलतभाऊ. मग "माणूस झाला तर वानरं अजून कशी उरली?" हा प्रश्न म्हणजे "मी आहे तर माझे चुलतभाऊ अजून कसे?" असं विचारण्यासारखं आहे.

हा निव्वळ वर्गातला वाद नाही. जानेवारी २०१८मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धांत चुकीचा ठरवला; वानराचा माणूस होताना कुणी पाहिलं नाही, हा त्यांचा मुद्दा. २०२३मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला. त्याविरुद्धच्या पत्रावर १८००हून अधिक वैज्ञानिक-शिक्षकांनी सह्या केल्या. ज्यांना झाड कधी दाखवलंच नाही, त्यांना हा मुद्दा पटणारच.

आणखी एक. शिडी आपल्याला इतकी सहज का पटते? कारण कोण वरच्या पायरीवर आणि कोण खालच्या, हे शोधायची सवय आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या लावली. इथे आलो तरी ती सुटलेली नाही. झाडाच्या टोकांना अशी उतरंड नसते. जीवाणूपासून माणसापर्यंत आजचे सगळे तितकाच काळ चालत आलेले.

पुढच्या वर्षी ते चित्र पुन्हा लागलं, तर मी हात वर करणार आहे. तुम्हीही करा. मुलं समोर बसलेली असतात.