भावाची बँक, उधारीची जहाजे

धंदा बुडाला की नशिबाला बोल लावण्याची आपल्याकडे रीत आहे. आम्हांस वाटते, अशा वेळी जपानच्या कोजिरो मात्सुकाता यांचा हिशोब व्यापारी बांधवांनी एकदा तपासून पाहावा.

मात्सुकाता (१८६६-१९५०) बड्या सरदार घराण्यातले. वडील दोनदा पंतप्रधान झाले. मुलगा अमेरिकेत शिकून आला आणि १८९६ साली कोबे बंदरातील कावासाकी जहाज कारखान्याचा पहिला अध्यक्ष झाला. पहिल्या महायुद्धात त्यांनी गिऱ्हाइकाची वाट न पाहता एकाच नमुन्याची जहाजे बांधून तयार ठेवली. जहाजांची टंचाई होती. भाव चढले, अफाट नफा झाला. १९१९ साली कामगारांनी काम मंदावले, तेव्हा त्यांनी आठ तासांचा दिवस लागू केला. जपानमध्ये ते नवल होते.

युद्ध संपले आणि गिऱ्हाईक गेले. १९२२ च्या वॉशिंग्टन करारानंतर युद्धनौकांची मागणीही आटली. मात्सुकातांनी मात्र हात आखडला नाही, कर्ज काढीत राहिले. कर्ज देणारी ‘पंधरावी बँक’ उमरावांची, आणि तिचे अध्यक्ष खुद्द त्यांचे थोरले बंधू! एप्रिल १९२७ मध्ये बँकेने दारे बंद केली. १९२८ साली मात्सुकातांना कारखाना सोडावा लागला. हौसेने जमवलेली युरोपीय चित्रे देणी भागवण्यासाठी विकली गेली. लंडनच्या गोदामातली शेकडो चित्रे १९३९ च्या आगीत जळाली. पॅरिसमध्ये राहिलेल्या चित्रांसाठी १९५९ साली टोकियोत राष्ट्रीय संग्रहालय उघडले, पण ते पाहायला ते हयात नव्हते.

तरी माणूस खचला नाही. पुढे त्यांनी रशियन तेल आणून विकले आणि १९३६ साली संसदेत निवडून आले. ही जिद्द घेण्यासारखी आहे.

पण चुकीकडेही डोळेझाक नको. तेजीत माल साठवणे ही हुशारी होती. मंदीत तोच डाव उधारीवर खेळणे हे घातक ठरले. भाऊ बँकेवर होता, म्हणून पैसा भावाचा होत नव्हता. तो ठेवीदारांचा होता.

आपल्या पतपेढ्यांतही मामा-चुलते संचालक असतात. आमचे सांगणे एवढेच : नातलगाकडूनही कर्ज घ्याल तर कागद करा, तारण द्या, फेडीची तारीख ठरवा. आणि नातलगाने ‘नाही’ म्हटले तर रुसू नका. त्या वेळी तो तुमचेच घर वाचवीत असतो.