परमुलखात कोणती काठी न्यावी?

चैत्री पौर्णिमेस वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर जो एकदा गेला, त्यास सासनकाठी म्हणजे काय हे सांगण्याची गरज नाही. पण आमचा अंक मुंबई-पुण्याच्या गिरण्या-कारखान्यांतही वाचला जातो आणि तिथली पोरे डोंगर विसरत चालली आहेत, म्हणून थोडे सांगतो. दोन मजली घराहून उंच असा कळक, त्यास रंगीत कापडे गुंडाळलेली, शेंड्यास निशाण. एकजण ती काठी कमरेच्या पट्ट्यात पेलतो आणि चौबाजूंनी दोर धरलेले गडी तिचा तोल सांभाळतात. दोर धरणाऱ्यांत एकाने हात ढिला सोडला की काठी कलली, हे लहान पोरासही समजते. अशा शंभराच्या आसपास मानाच्या काठ्या डोंगरावर येतात. पहिला मान सातारा तालुक्यातल्या निनाम पाडळीचा. काठी दुरून दिसली की लोक गाव ओळखतात. वाट चुकलेली म्हातारी गर्दीत आपल्या गावची काठी शोधते आणि तिच्या बुंध्याशी जाऊन बसते. संध्याकाळी पालखी यमाईकडे जाऊन येते, गुलाल-खोबरे उधळले जाते, 'चांगभलं'चा गजर होतो आणि मग ज्याची त्याची काठी ज्याच्या त्याच्या गावी परत जाते. मानापानाच्या कुरबुरी होत नाहीत असे आम्ही म्हणत नाही. कोणत्या यात्रेत त्या नसतात? पण डोंगरावर काठी रोवून 'आता हा डोंगर आमच्या गावचा' असे कोणी आजवर म्हटलेले नाही.

गेल्या यात्रेत आमच्या शाळेतून शिकून गेलेला एक मुलगा भेटला. सुताराचा पोर. आयटीआयमध्ये वायरमनचे काम शिकला, चार वर्षे कागलच्या वसाहतीत राबला आणि आता जर्मनीस निघाला होता. महाराष्ट्र सरकारने 2024 साली त्या देशाच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग प्रांताशी कुशल कामगार पाठविण्याचा करार केला, तेव्हापासून आमच्या भागातल्या घराघरांत जर्मन भाषेची गोष्ट निघते. मुलाच्या कपाळास गुलाल, हातात काठीचा दोर. म्हणाला, "गुरुजी, तिकडं जाताना ब्यागंवर तिरंगा शिवून घ्यावा म्हणतोय. शिवू का नको?"

आम्ही म्हणालो, "दोर सांभाळ आधी. मग सांगतो." पुढे आठ दिवस आम्हीच त्या प्रश्नाचा विचार करीत बसलो.

कायद्याचे म्हणाल तर उत्तर सोपे आहे. राष्ट्रध्वज कमरेखालच्या कपड्यावर नको. उशी, हातरुमाल, आतले कपडे यांवर छापू वा विणू नये. जमिनीस लागू देऊ नये. 1971 चा कायदा व 2002 ची ध्वजसंहिता यांत हे आले आहे. बॅग म्हणजे फलाटावर लोळणारी वस्तू, तेव्हा तिच्यावर ध्वज शिवण्याआधी दहादा विचार करावा. असा सोस आपल्याच लोकांस आहे असेही नाही. कानडा देशाचे तरुण मेपलचे पान पाठपिशवीवर शिवून जग हिंडतात, कारण बोलण्यावरून लोक त्यांस अमेरिकन समजतात व ते त्यांस नको असते. म्हणजे ती खूण 'मी कोण' यापेक्षा 'मी कोण नव्हे' हेच अधिक सांगते. आमच्या मुलास असली अडचण पडणार नाही. त्याच्या तोंडावरून तो कुठला हे लोक ओळखणारच.

याच कोल्हापूरचा एक वीस वर्षांचा तरुण 1870 साली विलायतेस गेला होता. तो सुतार नव्हता, करवीरचा छत्रपती होता, राजाराम महाराज. त्या काळी समुद्र ओलांडणे म्हणजे धर्म बुडविणे असे पुरोहित सांगत. महाराज गेले, इंग्लंड पाहिले, इंग्रजीत रोजनिशी लिहिली. ती पुढे 1872 मध्ये छापून निघाली. परतीच्या वाटेवर इटलीत फ्लॉरेन्स शहरी 30 नोव्हेंबर 1870 रोजी त्यांचा अंत झाला. त्या देशात प्रेत जाळण्याची चाल नव्हती; तरी तिथल्या अधिकाऱ्यांनी परवानगी दिली आणि आर्नो व मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर त्यांचे दहन झाले. 1874 साली तिथे छत्री उभी राहिली. तीत महाराजांचा रंगीत अर्धपुतळा आहे, मस्तकी शिरपेच बांधलेला.

आता आमच्या वाचकांनी इकडे लक्ष द्यावे. महाराज निघाले ते करवीरचे राजे म्हणून. तेव्हा हिंदुस्थान नावाचे स्वतंत्र राष्ट्र नव्हते, तिरंगा नव्हता. पण फ्लॉरेन्सच्या लोकांस करवीर कुठले ठाऊक? त्यांनी त्या जागेस सरळ 'इंदियानो', म्हणजे हिंदी माणूस, असे नाव ठेविले. 1978 साली जवळच मोठा पूल झाला, त्यासही तेच नाव पडले. आज त्या पुलावरून मोटारी हाकणाऱ्यांस करवीर माहीत नाही, भोसले माहीत नाहीत. एक हिंदी माणूस इथे राख झाला एवढे मात्र पुलाच्या नावातच आहे. परक्या मुलखात आपली खूण आपणच निवडतो असे प्रवाशास वाटते. पुष्कळदा ती तिथले लोक ठरवितात, आणि एकाच्या वागण्यावरून सगळ्या देशास ती चिकटते.

बत्तीस वर्षांनी, 1902 साली, सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणासाठी शाहू महाराज विलायतेस गेले. वाटेत फ्लॉरेन्सला राजाराम महाराजांच्या छत्रीचे त्यांनी दर्शन घेतले. विलायतेत त्यांस राजाचा मान मिळाला, केंब्रिज विद्यापीठाने मानाची एल.एल.डी. पदवी दिली. त्या थाटामाटाची वर्णने करणारे करोत. आमच्या मनात दुसरीच गोष्ट घोळते. ज्या माणसास लंडनमध्ये शिवछत्रपतींचा वंशज म्हणून सलाम होत होते, त्याच माणसास दोनतीन वर्षांपूर्वी त्याच्याच राजधानीत, पंचगंगेच्या पाण्यात उभे असता, पुरोहिताने वेदोक्त मंत्र नाकारले होते. तुम्ही शूद्र, तुम्हांस पुराणोक्तच. म्हणजे परदेशी छत्रपती आणि घरी शूद्र! दुसरा एखादा राजा त्या परदेशच्या मानावरच खूश होऊन तिकडेच रमला असता. तसे रमलेले संस्थानिक आपल्या देशात थोडे झाले नाहीत. महाराज विलायतेत असतानाच 26 जुलै 1902 रोजी करवीर दरबारचा हुकूम निघाला, की येथून पुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा 50 जागा मागासलेल्या वर्गांस द्याव्यात. बाहेर मिळालेला मान त्यांनी अंगावर मिरविला नाही, घरच्या माणसांच्या पदरात टाकला. या हुकुमाने पुढे किती शेतकऱ्यांची व कारागिरांची पोरे कचेरीच्या पायऱ्या चढली, हे आमच्या वाचकांनी आपापल्या घरातच मोजून पाहावे.

राजांचे झाले. गरिबांनी काय नेले? रत्नागिरीकडचे मराठी कुणबी मॉरिशसच्या ऊसमळ्यांवर गिरमिटाने गेले. समुद्र ओलांडल्याबद्दल त्यांस प्रायश्चित्त घ्या म्हणावयास कोणी शास्त्री बंदरावर आला नाही. गरिबाच्या धर्माची एवढी काळजी कोणास असणार? तिथे उतरताच त्यांस वहीत एक नंबर मिळे, आणि साहेबाच्या लेखी तीच त्यांची खूण. छातीवर लावावयास त्यांच्यापाशी काही नव्हते. पण त्यांनी गणपती बसविला, कोकणातली जाखडी नाचविली. ती तिकडे 'झाकरी' म्हणून आजही नाचतात, आणि गणेश चतुर्थीस त्या बेटावर सरकारी सुट्टी असते. मराठा पलटणींचेही तसेच. अंगावर इंग्रज सरकारचा गणवेश, परंतु 1941 साली आफ्रिकेतल्या केरेनच्या लढाईत त्यांनी शिवाजी महाराजांच्या नावाचा जयघोष केला आणि तो पलटणीचा कायमचा झाला. राजाराम महाराजांची राख ज्या इटलीत पडली, त्याच इटलीत 1944 साली कुलाबा जिल्ह्यातला यशवंत घाडगे हा नाईक व्हिक्टोरिया क्रॉस मिळवून मेला. तिथल्या माँटोने गावाने 2023 साली त्याचे स्मारक केले.

आता आजचे पाहा. क्रिकेटच्या मैदानावर अंगास तिरंगा गुंडाळलेले आपले लोक मेलबर्नला दिसतात, लंडनला दिसतात. शिवजयंतीस परदेशच्या रस्त्यांवर ढोल-ताशे वाजतात, भगवे फडकतात. आम्हांस त्याचा आनंदच आहे. पण तो तिरंगा अंगाभोवती लपेटलेला माणूस घरी जाऊन शेजारच्या खोलीतल्या देशबांधवाचे आडनाव का विचारतो? अमेरिकेतल्या सिएटल शहराच्या नगरसभेस 21 फेब्रुवारी 2023 रोजी जातिभेदास बंदी करणारा कायदा करावा लागला. अमेरिकेतल्या कोणत्याही शहराने असा कायदा करण्याची ती पहिली वेळ. गोऱ्यांच्या गावात जात कोणी नेली? ती काही आगबोटीतून आपण होऊन चालत गेली नाही. आपल्याच शिकल्या-सवरल्या लोकांनी सामानातून नेली. कॅलिफोर्निया प्रांतातही असे विधेयक विधिमंडळात मंजूर झाले, पण ऑक्टोबर 2023 मध्ये तिथल्या गव्हर्नराने ते सही न करता परत धाडले. विरोध करणाऱ्यांत आपलेच कित्येक लोक होते. त्यांचे म्हणणे, अशा कायद्याने आमच्या समाजाची परदेशात बदनामी होते. वाहवा! आडनाव विचारताना बदनामी आठवत नाही, ती फक्त कायदा होताना आठवते.

कोणी म्हणेल, गुरुजी, मुलाने ब्यागेचे विचारले, तुम्ही जातीवर गेलात. गेलो खरे. पण बॅगेवर काय शिवावे हे पाहण्याआधी बॅगेत काय भरले आहे ते पाहिले पाहिजे, असे आमचे मत आहे. सासनकाठीस ज्या गावचे निशाण लागते त्या गावचे सगळे हात तिच्या दोरास असतात की नाही, आणि नसले तर कोणाचे नाहीत, हे ज्याने त्याने आपल्या गावी पाहावे. आमच्या गावी तरी अजून सर्वांचे नाहीत. हे लिहिताना आम्हांस लाज वाटते, आणि पुढल्या गावसभेत आम्ही हा विषय काढणार आहोत.

मुलास आम्ही एवढेच सांगितले: बॅगेवर शिवू नको, ती जमिनीवर पडते. फार वाटले तर शर्टाच्या खिशावर लहानसे चिन्ह लाव. जिथे जाशील तिथली भाषा शीक, तिथल्या लोकांच्या सणास टोपी काढून उभा राहा, आणि तारेचे काम असे कर की मिस्त्रीने पुन्हा उघडून पाहू नये. आईने त्याला कागदाच्या पुडीत गुलाल दिला. तो त्याने ठेवून घेतला.

ज्येष्ठात तो गेला. दोन महिन्यांनी फोन आला. काम बरे आहे, थंडी अजून नाही, भाकरी मिळत नाही. मग जरा थांबून म्हणाला, खोलीवर आणखी एकजण आपल्याच देशचा आहे, त्याने पहिल्या रात्री नाव विचारले, मग आडनाव, मग गाव, मग म्हणाला, "म्हणजे तुम्ही कोण?"

"मग तू काय सांगितलंस?"

"वायरमन म्हणून सांगितलं, गुरुजी."

दुसऱ्या दिवशी त्या गृहस्थाच्या खोलीतला दिवा जळेना, तो यानेच दुरुस्त करून दिला. पुढे दोघांचे कसे जुळले ते अजून कळले नाही. यंदा त्याच्या जागी काठीचा दोर त्याचा धाकटा भाऊ धरणार आहे. त्याचे हात अजून कोवळे आहेत, म्हणून तालमीस माघापासूनच लागला आहे.